चित्र कार्डावर उतरण्याआधी

२००२ साली पॅनासॉनिकने डीव्हीएक्स १०० हा मिनीडीव्ही कॅमेरा बाजारात आणला. हातात धरून चालवायचा, एक तृतीयांश इंचाच्या तीन सीसीडी असलेला, दिसायला त्या काळच्या इतर कॅमकॉर्डरसारखाच. पण सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम टिपणारा आणि स्वतंत्र दिग्दर्शकाच्या खिशाला झेपणारा असा तो पहिलाच व्हिडिओ कॅमेरा होता. त्यावर एक छोटी चकती होती आणि चकतीवर एफ १ ते एफ ६ अशा सहा जागा. प्रत्येक जागेवर चित्राच्या सेटिंगचा एक अख्खा संच साठवता येई. कंपनीने त्याला सीन फाइल असं नाव दिलं होतं.

गॅमा, मॅट्रिक्स, पेडेस्टल, डिटेल हे शब्द तोवर मुख्यतः टीव्ही स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये राहत. स्टुडिओ कॅमेऱ्याचा कॅमेरामन फ्रेम आणि फोकस सांभाळायचा. चित्राचा काळा किती काळा आणि पांढरा किती पांढरा, हे वेगळ्या खोलीत बसलेला इंजिनिअर ठरवायचा. डीव्हीएक्सने ती खोली मेन्यूत आणली. या कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या ‘नोव्हेंबर’ या चित्रपटासाठी नॅन्सी श्रायबर यांना २००४च्या सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी जेम्स लाँग्ली यांच्या ‘इराक इन फ्रॅगमेंट्स’ या माहितीपटाने तिथेच दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन असे तीन पुरस्कार घेतले. तोही याच कॅमेऱ्यावरचा. आज ज्या मिररलेस कॅमेऱ्यात पिक्चर प्रोफाइल नावाचा मेन्यू उघडून आपण आकडे वरखाली करतो, त्याचं एक मूळ त्या चकतीत आहे.

हे आकडे बदलण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असायला हवी. सेन्सरकडून येणारा सिग्नल १२ किंवा १४ बिटांचा असतो. म्हणजे प्रत्येक रंगाच्या चार हजार, कधी सोळा हजार पायऱ्या. कार्डावर जी फाइल जाते ती बऱ्याच कॅमेऱ्यांत ८ बिटांची, २५६ पायऱ्यांची, आणि वर कॉम्प्रेस केलेली. हजारो पायऱ्यांतून अडीचशे निवडायच्या तर उरलेल्या टाकून द्याव्याच लागतात. मेन्यूतला प्रत्येक आकडा ही निवड करत असतो. जे टाकलं ते एडिटिंगच्या टेबलावर परत मिळत नाही. त्यामुळे सेटिंग करताना ‘कसं दिसेल’ या प्रश्नाआधी ‘काय हातचं जाईल’ हा प्रश्न विचारायचा.

सुरुवात हालचालीपासून करू, कारण ती मागाहून दुरुस्त करणं सर्वांत अवघड. जुनी दूरदर्शन मालिका आणि चित्रपट यांच्यातला फरक कुणी न शिकवताही आपल्याला कळत असे. त्याचं मुख्य कारण इंटरलेसिंग. पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपली जात, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. त्यामुळे हालचाल गुळगुळीत, समोर प्रत्यक्ष घडल्यासारखी दिसे. बातम्यांना आणि क्रिकेटला ते शोभतं. गोष्ट सांगताना मात्र प्रेक्षकाला थोडं अंतर लागतं, आणि सेकंदाला २४ किंवा २५ पूर्ण फ्रेम ते अंतर देतात. डीव्हीएक्सच्या पाल आवृत्तीत २५ फ्रेम मिळत. त्या फिल्मवर उतरवून २४च्या गतीने दाखवल्या की चित्रपट चार टक्के हळू चाले.

फ्रेमच्या संख्येइतकंच शटरला महत्त्व आहे. फिल्म कॅमेऱ्यात शटर म्हणजे फिरती तबकडी. तिचा अर्धा भाग, १८० अंश, उघडा असे. २४ फ्रेमला त्याचा अर्थ सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग. हलत्या हाताची जी पुसट रेघ आपल्याला सिनेमाची वाटते ती या कोनातून येते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या युद्धप्रसंगांत छायाचित्रकार यानुश कामिन्स्की यांनी हाच कोन ४५ आणि ९० अंशांवर आणला. पुसट रेघ नाहीशी झाली, उडणाऱ्या मातीचा कण न् कण सुटा दिसू लागला आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला. हा परिणाम कोणत्याही कॅमेऱ्यावर शटर १/१००, १/२०० करून मिळतो. मात्र भर दुपारी उजेड जास्त झाला म्हणून कॅमेऱ्याने आपोआप १/२००० केलेलं शटर हा केवळ अपघात असतो. दोन माणसं शांतपणे बोलत असतात आणि त्यांचे हात झटके मारतात. शटर हाती ठेवा आणि जास्तीचा उजेड एनडी फिल्टरने अडवा.

आपल्याकडे यात आणखी एक भानगड आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूबलाइट आणि कित्येक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० ठेवलं की चित्रावर पट्टे सरकू लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथल्या शिकवणीच्या व्हिडिओतून उचललेली ३० फ्रेम आणि १/६० ही जोडी तिथे निर्धास्त चालते, इथल्या मंगल कार्यालयात दगा देते. २४ फ्रेमच हव्या असतील तर कोन १७२.८ अंश ठेवायचा, म्हणजे नेमका १/५०.

दुसरं सेटिंग डिटेल. कॅमेरा गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर एक बारीक रेघ आखतो, गडद बाजूला जास्त गडद आणि उजळ बाजूला जास्त उजळ. लहान पडद्यावर त्याने चित्र रेखीव वाटतं. मोठ्या पडद्यावर आकाशासमोरच्या झाडाच्या फांदीला पांढरी कड दिसते, चेहऱ्यावरची छिद्रं मोजता येतात. फिल्मच्या निगेटिव्हवर अशी ठळक रेघ नसते. व्हिडिओ ‘व्हिडिओसारखा’ दिसण्याचं हे बहुधा सर्वांत मोठं आणि सर्वांत सहज टाळता येणारं कारण आहे. यात फसवी गोष्ट अशी की पुष्कळ कॅमेऱ्यांत शून्य म्हणजे ‘बंद’ नसतं. पट्टी उणे ७ ते अधिक ७ अशी असेल तर शून्य हे मधलं, चांगलं ठळक डिटेल असतं. ते खरोखर काढायचं तर तळाला जावं लागतं. आखलेली पांढरी कड पुसणारं साधन नाही. रेखीवपणा मागाहून हवा तेवढा वाढवता येतो. माझ्या मते या सेटिंगबाबत दुमत असण्याचं कारणच नाही: ते खाली ठेवा.

आता गॅमा. इथे थोडं थांबू, कारण सिनेमॅटिक म्हणून जे काही आपण मनात धरतो त्याचा गाभा इथे आहे.

फिल्म उजेडाला कशी उत्तर देते याचा आलेख फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये १८९० साली प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर पडलेला उजेड, उभ्यावर निगेटिव्हचा काळेपणा. रेषा तळाशी हलकेच उठते, मधे सरळ चढते आणि वर पुन्हा वाकून सपाट होत जाते. वरच्या वाकण्याला खांदा म्हणतात. या खांद्यामुळे फिल्मवरचा दिवा, खिडकी, ढगाची कड ही एकदम पांढरी फटक होत नाही, तर विरत विरत पांढऱ्याकडे जाते.

टीव्हीच्या कॅमेऱ्याला मूळ प्रमाणात असा खांदा नव्हता. १९९०च्या रेक ७०९ या मानकातली रेषा थेट वर चढत १०० टक्क्यांना भिडते आणि तिथेच तुटते. त्यापलीकडचं सगळं सारखं पांढरं. आपले शूटर त्याला ‘बर्न झालं’ म्हणतात. यावर तोडगा म्हणून इंजिनिअरांनी ‘नी’, म्हणजे गुडघा, काढला. ८५ किंवा ९० टक्क्यांच्या आसपास रेषेला गुडघ्यासारखी मोडायची आणि पुढचा उजेड उरलेल्या थोड्या जागेत दाबून बसवायचा. खिडकीबाहेरचं आकाश त्याने वाचतं. पण मोड अचानक असल्यामुळे चेहऱ्याचे हाल होतात. त्वचेत लाल सर्वांत जास्त असतो, म्हणून गालावरच्या चकाकीत लाल आधी ‘नी’ला धडकतो आणि दबतो, हिरवा मात्र चढतच राहतो. परिणामी कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळट डाग उमटतो. जुन्या लग्नाच्या कॅसेट पाहा. हॅलोजनच्या झोतातल्या चेहऱ्यांवर तो हमखास सापडेल.

सिने गॅमा हा यावरचा खरा उपाय आहे. त्यात रेषा एका जागी न मोडता खूप खालपासून हळूहळू वाकत जाते, म्हणजे फिल्मच्या खांद्याची नक्कल केली जाते. डीव्हीएक्सच्या पुढच्या आवृत्तीत सिने-लाइक डी आणि सिने-लाइक व्ही असे दोन प्रकार आले. डीमध्ये जास्तीत जास्त उजेड-अंधार सामावून घेण्यावर भर, व्हीमध्ये कॉन्ट्रास्टवर, म्हणजे लगेच दाखवता येईल अशा चित्रावर. सोनीच्या ए७ एसपासून पुढच्या कॅमेऱ्यांत पीपी ५ला सिने १ आणि पीपी ६ला सिने २ असतो. तिथेही विचार तोच. या सगळ्यांत एक किंमत मोजावी लागते. वरच्या उजेडासाठी जागा करायची म्हणून मधले टोन, म्हणजे नेमका चेहरा, खाली सरकतो. मॉनिटरवर चित्र मरगळलेलं दिसतं म्हणून घाईने आयरिस उघडला की वाचवलेला उजेड पुन्हा गेला. सिने गॅमा लावणाऱ्याने चेहऱ्यावर प्रकाश टाकायला हवा, निदान माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायला हवं. मेन्यू दिव्याचं काम करत नाही.

रेषेच्या दुसऱ्या टोकाला मास्टर पेडेस्टल असतं; काही कॅमेऱ्यांत त्यालाच ब्लॅक लेव्हल म्हणतात. ते खाली नेलं की सावल्या दाट होतात, वर नेलं की काळ्याची राख होते. ‘सेव्हन’च्या (१९९५) काही प्रिंटवर प्रयोगशाळेत चांदी पूर्ण धुऊन न काढता काही अंशी तशीच ठेवली होती. त्याने काळा भरीव झाला, रंग फिके पडले. ‘प्रायव्हेट रायन’च्या प्रिंटसाठी वापरलेली ईएनआर पद्धतही त्याच जातीची. हा अवतार कॅमेऱ्यात करायचा मोह मोठा असतो: सॅच्युरेशन तीन-चार घरं खाली, काळा दाबलेला, झालं. रंग कमी करायला हरकत नाही. काळा दाबायला मात्र माझी हरकत आहे, कारण दाबलेल्या काळ्यात गेलेले केस, डोळ्यांच्या खोबणी, काळ्या घोंगडीचा पोत कायमचा गेला. सावल्या थोड्या उघड्या ठेवून टिपाव्यात आणि टेबलावर दाट कराव्यात. लाइव्ह कार्यक्रम असेल, टेबलच नसेल, तर गोष्ट वेगळी.

रंगाकडे वळू. मॅट्रिक्स, किंवा सोनीच्या भाषेत कलर मोड, हा लाल, हिरवा आणि निळा एकमेकांत किती मिसळायचे हे ठरवतो. मिसळ बदलली की गवताचा हिरवा पोपटी होतो किंवा शेवाळी. पण एकट्या हिरव्याला धरून हलवायला कॅमेऱ्याचा मॅट्रिक्स पुरत नाही. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) या चित्रपटाचं चित्रण मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्यात झालं, पण पडद्यावर रान धुळकट, सोनेरी दिसतं. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी संपूर्ण फिल्म स्कॅन करून संगणकावर रंग फिरवले. मेन्यूच्या सीमा कुठे संपतात ते या उदाहरणात स्पष्ट दिसतं.

कॅमेऱ्यातच होणारा सोपा रंगबदल म्हणजे व्हाइट बॅलन्स. पांढऱ्या कागदाऐवजी फिकट निळ्या कागदावर बॅलन्स घेतला तर कॅमेरा त्या निळ्याला पांढरा समजून सगळ्या चित्रात ऊब भरतो. संध्याकाळच्या प्रसंगासाठी ही युक्ती जुन्या बातमी-कॅमेरामनांपासून चालत आली आहे. उलट ऑटो व्हाइट बॅलन्स हा कोणत्याही लूकचा शत्रू. हळदीचा कार्यक्रम आठवा: फ्रेमभर पिवळं दिसल्यावर कॅमेरा ते पिवळं ‘चूक’ समजून निळं ओततो, आणि ज्या रंगासाठी तो सोहळा, तोच रंग मरतो.

त्वचेबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. चेहऱ्याचं एक्स्पोजर झेब्रा (ठरावीक उजेडावर पट्टे दाखवणारी सोय) ७० टक्क्यांवर ठेवा, असं पुस्तकांतून वाचायला मिळतं. तो आकडा गोऱ्या युरोपीय त्वचेच्या उजळ भागासाठी आहे. सावळा किंवा काळा चेहरा ७०पर्यंत उचलला की तो राखाडी, पिठूळ दिसतो आणि मागचं आकाश नाहीसं होतं. अशा चेहऱ्याला ४५ ते ६०च्या दरम्यान ठेवून पाहा, आणि त्याला प्रकाशापेक्षा चकाकी द्या, म्हणजे बाजूने मोठा मऊ उजेड. गव्हाळ आणि काळी माणसं एकाच फ्रेममध्ये असणं हा आपल्याकडे नेहमीचा प्रसंग आहे. फेअर स्किन किंवा ब्युटीसारखी सेटिंग इथे माणसाची ओळख पुसतात. ती बंद ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे.

२००८मध्ये कॅननचा ५डी मार्क २ आला आणि या सगळ्या कथेला नवं वळण लागलं. फोटोच्या कॅमेऱ्यात फुल-फ्रेम व्हिडिओ, मागे विरघळून गेलेली पार्श्वभूमी. २५ आणि २४ फ्रेम मिळायला २०१०च्या फर्मवेअरची वाट पाहावी लागली, तरी त्याच वर्षी ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या एका सीझनचा शेवटचा भाग त्यावर चित्रित झाला. लोकांनी कॉन्ट्रास्ट तळाला नेऊन ‘फ्लॅट’ चित्र घ्यायला सुरुवात केली. एप्रिल २०११मध्ये टेक्निकलर कंपनीने सिनेस्टाइल नावाचा प्रोफाइल फुकट दिला: शार्पनेस ०, कॉन्ट्रास्ट उणे ४, सॅच्युरेशन उणे २. महाराष्ट्रातल्या कित्येक लघुपटांनी आणि लग्नाच्या फिल्म करणाऱ्यांनी तो डोळे झाकून लावला.

डोळे झाकून लावण्यात धोका होता. ८ बिटांच्या फाइलमध्ये १३-१४ स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उजेड पसरला की एकेका स्टॉपच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस पायऱ्या येतात. टेबलावर ते चित्र पुन्हा ताणलं की सांजेच्या आकाशात वर्तुळाकार पट्टे उमटतात, गालावर ठिगळं दिसतात. पुऱ्यांसाठी लाटलेल्या एवढ्याशा पिठाची पोळी करायला गेल्यावर ती मधे फाटते, तसं हे आहे. लॉग गॅमा ही या ‘फ्लॅट’ चित्राच्याच विचाराची पूर्ण आवृत्ती. त्याचं मूळ कोडॅकच्या सिनिऑन या १० बिटांच्या फिल्म-स्कॅनिंग पद्धतीत आहे. १० बिटांना १०२४ पायऱ्या मिळतात, तिथे लॉग शोभतो. ८ बिटांच्या कॅमेऱ्यावर, त्यातही ढगाळ दिवशी जेव्हा समोरचा उजेडच पाच-सहा स्टॉपचा आहे, तेव्हा लॉग लावणं म्हणजे विनाकारण पायऱ्या उधळणं.

लॉगचं एक्स्पोजरही वेगळं. सोनीच्या एस-लॉग ३मध्ये मधला राखाडी ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ टक्क्यांवर बसतो. मॉनिटरवरचं फिकट चित्र पाहून अंदाजे आयरिस ठरवणारा फसतो. पहिल्या ए७ एसमध्ये एस-लॉग २ला किमान आयएसओ ३२०० लागे. दुपारच्या उन्हात, १/५० शटरवर, जाड एनडीवाचून काम होणं अशक्य. ज्यांना ग्रेडिंगला वेळ मिळत नाही, सकाळी मुहूर्त आणि रात्री हायलाइट रील द्यायची, त्यांच्यासाठी सोनीच्या व्हेनिस या सिनेमा-कॅमेऱ्याच्या रंगांवरून घडवलेला एस-सिनेटोन किंवा फुजीचा इटर्ना हे तयार प्रोफाइल कितीतरी प्रामाणिक पर्याय आहेत. लॉग न वापरणं म्हणजे कमीपणा, हा समज सोडून द्यावा.

टाकून देण्याच्या या व्यवहाराची दोन टोकं एकाच छायाचित्रकाराच्या कामात पाहता येतात. अँथनी डॉड मँटल यांनी डॅनी बॉइल यांचा ‘२८ डेज लेटर’ (२००२) कॅननच्या एक्सएल १ या मिनीडीव्ही कॅमेऱ्यांवर टिपला. लंडनचे रस्ते पहाटे थोडाच वेळ रिकामे मिळणार होते. लहान कॅमेरे एकदम अनेक लावता आले. चित्र भरड, उजेड जळालेला, बारकावे गेलेले. उद्ध्वस्त शहराच्या गोष्टीला ते नुकसान मानवलं, आणि शेवटचा शांत भाग त्यांनी मुद्दाम ३५ मिमी फिल्मवर घेतला. सहा वर्षांनी त्याच जोडीने मुंबईत ‘स्लमडॉग मिलियनेर’ केला. धारावीच्या बोळांतून पळणाऱ्या मुलांमागे जायला त्यांनी एसआय-२के हा कॅमेरा घेतला. लेन्सचं छोटं डोकं हातात, रेकॉर्डिंगचा संगणक पाठीवरच्या पिशवीत. तो रॉ फाइल साठवत होता, म्हणजे गॅमा आणि रंग यांचे निर्णय टेबलापर्यंत लांबणीवर. २००९मध्ये डॉड मँटल यांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटाचा काही भाग फिल्मवरही आहे, तरी डिजिटल कॅमेऱ्याचा एवढा मोठा वाटा असलेल्या कामाला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ.

वाचकाने आता आपला कॅमेरा काढावा. सावळी आणि उजळ अशी दोन माणसं खिडकीशेजारी बसवावीत. खिडकीबाहेर आकाश आणि कोपऱ्यात काळं कापड फ्रेममध्ये असू द्यावं. व्हाइट बॅलन्स आणि शटर बांधून ठेवावं. मग एका वेळी एकच सेटिंग बदलत जावं, आधी डिटेल, मग गॅमा, मग ब्लॅक लेव्हल, मग सॅच्युरेशन, आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने बोलून रेकॉर्ड करावा. हे चित्रण कॅमेऱ्याच्या पडद्यावर न पाहता, जिथे तुमचं काम शेवटी दिसणार आहे त्या पडद्यावर पाहा: फोन, टीव्ही किंवा गावातला प्रोजेक्टर. जो संच आवडेल तो वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या शेजारी तो कोणत्या उजेडात आवडला तेही लिहा. त्या उजेडावाचून त्या आकड्यांना अर्थ नाही.